मनाचा रोजचा मेंटेनन्स: नवी सवय जुन्या खुंटीला कशी अडकवायची

2022 च्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे सव्वासहा, एका शेगडीवर कुकर, दुसरीवर दूध, मुलाचा डबा अर्धा भरलेला आणि मी ऑफिसच्या ग्रुपवरचा एक मेसेज तिसऱ्यांदा वाचत उभी, तेवढ्यात दूध उतू गेलं. दूध काय, उतू जातंच. पण त्या दिवशी मी ओट्यापाशी फरशीवर बसले आणि रडायला लागले ते थांबताच येईना. सासूबाई आल्या, गॅस बंद केला, सांडलेल्यावर फडकं टाकलं आणि म्हणाल्या, "अगं, दुधासाठी नाही रडत आहेस तू."

त्यानंतर डॉक्टर झाले, काही महिने गोळ्या झाल्या, काउन्सेलिंग झालं. त्या सगळ्यातून ज्या बारीकसारीक सवयी हाताला लागल्या त्या इथे लिहितेय, कारण हल्ली मैत्रिणी विचारतात की तू नक्की करतेस तरी काय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. डोंबिवलीत राहते, घाटकोपरला अकाउंट्समध्ये नोकरी करते, मुलगा कॉलेजला, सासूबाई घरात, नवरा शिफ्टला. म्हणजे ज्याच्याकडे सकाळी दोन तास मोकळे आहेत त्याच्यासाठी हा लेख नाहीच.

आधी खुंटी शोधा

पहाटे पाचला उठून योगा, मग ध्यान, मग जर्नल, मग हिरवी स्मूदी, असले व्हिडिओ बघून मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा चौथ्या दिवशी गाशा गुंडाळला. वर स्वतःलाच शिव्या, की एवढंही जमत नाही तुला. काउन्सेलर बाईंनी सांगितलं की नव्या सवयीसाठी नवी वेळ काढायची नाहीच, रोज आपण जे काहीही झालं तरी करतोच त्याच्या शेजारी ती टाकायची. मी त्याला खुंटी म्हणते. पिशवी भिंतीवर हवेत लटकत नाही ना, तसंच.

माझ्या पाच खुंट्या: सकाळचा चहा, जातानाची लोकल, दुपारचा डबा, येतानाची लोकल आणि रात्री दाराला कडी घालणं. तुमच्या वेगळ्या असतील, देवपूजा असेल, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणं असेल, दुकानाचं शटर वर करणं असेल. एका कागदावर तीन-चार लिहून काढा. रविवारीसुद्धा जी होते ती पक्की खुंटी.

आणि पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही. फक्त लिहायचं, झोपले किती वाजता, उठले किती वाजता, आणि संध्याकाळी मन कसं होतं त्याला दहापैकी मार्क. मला हे अगदीच पोरखेळ वाटलं होतं. पण सात दिवसांनी कागद बघितला तर ज्या दोन दिवशी दहापैकी तीन होते त्याच्या आदल्या रात्री मी एक वाजेपर्यंत मोबाईल बघत होते, आणि एवढे दिवस माझं ठाम मत होतं की सगळं ऑफिसमुळे होतंय. थोडं ऑफिसमुळे होतंच म्हणा.

सकाळ: उठायची वेळ आणि उजेड

झोप सुधारायची म्हणून आपण लवकर आडवे होतो आणि मग पंख्याकडे बघत पडतो. उलटं करा. झोपायची वेळ हातात नसते, उठायची असते. रोज एकाच वेळी उठा, रविवारी फार तर तासभर इकडे तिकडे. जागं राहिल्याच्या प्रत्येक तासाला शरीरात झोपेची ओढ साठत जाते, मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन वाढत जातं, आणि उठायची वेळ पक्की असली की ती ओढही रात्री ठरलेल्या वेळी पुरेशी साठते. सुट्टीच्या दिवशी साडेदहापर्यंत लोळलं की रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारची वाट लागते, हे सगळ्यांना माहितेय, कारण एवढंच.

दुसरं म्हणजे उजेड. आपल्या मेंदूतलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. घरात ट्यूबलाईटखाली साधारण 200-300 लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असतो, बाहेर ढगाळ असलं तरी काही हजार. त्यामुळे चहाची पहिली खुंटी इथे वापरायची: चहा ओट्यापाशी उभ्याने नाही, गॅलरीत किंवा गच्चीवर किंवा सरळ जिन्याच्या खिडकीशी, दहा मिनिटं, फोन आत. पहिले काही दिवस मला ती दहा मिनिटं खुपली, हात सारखा फोनकडे जायचा, मग समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा तुळशीला पाणी घालताना दिसायला लागले, शेवग्यावर दोन बुलबुल येतात ते कळलं. ध्यान-बिन म्हणत नाही मी त्याला. चहा पिते.

चहाचा विषय निघालाच आहे तर संध्याकाळच्या चहाबद्दल जरा कडू बोलते. कॅफिन ॲडिनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते, आणि शरीरातलं निम्मं कॅफिन जायलाच साधारण 5 तास लागतात. सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं अकरा वाजताही अंगात असतं. ज्यांना झोपेचा त्रास नाही त्यांनी बिनधास्त प्यावा, पण ज्यांना आहे त्यांनी दोन आठवडे चारनंतरचा चहा बंद करून बघाच. आमच्याकडे पाहुणा आला की चहा नको म्हणणं म्हणजे अपमान, म्हणून मी कोकम सरबत धरते, कुणी काही बोलत नाही.

जातानाची लोकल: श्वास

डोंबिवली फास्टमध्ये श्वास घ्यायला जागा नसते आणि तुम्ही श्वासाचे प्रकार सांगताय, असं मी काउन्सेलर बाईंना म्हटलं होतं. पण जमतं. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. रोखायचा वगैरे नाही, फक्त सोडणं घेण्यापेक्षा लांब. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाची गती थोडी खाली आणते, त्यामुळे सोडणं लांबवलं की शरीराला कळतं की इथे वाघ-बिघ आलेला नाही. दाराशी उभे असाल तर डोळे मिटू नका, मोजणं उघड्या डोळ्यांनीही होतं. ठाणं गेलं की मी सुरू करते, मुलुंड येईपर्यंत पाच मिनिटं कशीबशी होतात, पुष्कळ झाली. चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजायचं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या, जोर लावायचा नाही.

हे वाचून सासूबाई म्हणतील, मग आम्ही इतकी वर्षं जप करतोय तो काय. बरोबर आहे त्यांचं. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापला होता, 23 लोकांना जपमाळेची प्रार्थना आणि मंत्र म्हणायला लावले, तर दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण 6 वर आला. एरवी आपण बारा-पंधरा तरी घेतोच. म्हणजे ज्यांना जप, रामरक्षा, संध्याकाळची प्रार्थना, जे काही धर्मातलं असेल ते, सावकाश म्हणायची सवय आहे त्यांना वेगळं ॲप लागत नाही. घाईघाईत उरकलेली आरती मात्र यात धरू नका.

दुपारी कधीतरी: "टेन्शन" हा शब्द बंद

सगळ्यात जास्त फरक मला यानेच पडला, म्हणून जरा लांबण लावते.

आपण सगळ्याला टेन्शन म्हणतो. मुलाचा रिझल्ट टेन्शन, बॉस टेन्शन, वहिनीचा टोमणा टेन्शन, पाऊस पडतोय लोकल बंद पडेल टेन्शन. एकाच डब्यात मीठ, साखर, रवा सगळं भरलं तर पोह्यात काय पडेल सांगता येईल का. खरं तर मराठीत यासाठी शब्दांची नुसती रास पडलीय. धाकधूक, हुरहूर, रुखरुख, चुटपुट, घुसमट, चिडचिड, वैताग, तगमग, खट्टू होणं, ओशाळणं. आपण ते वापरायचे सोडले एवढंच.

भावनेला नेमकं नाव दिलं की ती थोडी खाली बसते, हे नुसतं म्हणण्यापुरतं नाहीये. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने 2007 मध्ये लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा त्या भावनेला शब्दात नाव देताना मेंदूतल्या ॲमिग्डलाची, म्हणजे जिथून धोक्याची घंटा वाजते तिथली, हालचाल कमी झालेली दिसली.

करायचं काय तर डबा उघडायच्या आधी, ही दुपारची खुंटी, स्वतःला विचारायचं, आत्ता नेमकं काय आहे? आणि टेन्शन सोडून दुसरा शब्द शोधायचा. मग गंमत अशी की नाव सापडलं की पुढे काय करायचं तेही बऱ्याचदा त्यातच असतं. धाकधूक असेल तर ती पुढच्या कशाची तरी आहे, म्हणजे त्यातलं आज करता येण्यासारखं एक काम कुठलं ते बघा आणि तेवढंच करा. रुखरुख असेल तर ती मागच्या गोष्टीची, कुणाला तरी काहीतरी बोललात किंवा बोलायचं राहिलं, तिथे एक फोन लागतो. घुसमट म्हणजे बोलायचंय पण बोलता येत नाहीये, ते निदान कागदावर तरी काढा. चिडचिड असेल तर माणसांवर जाण्याआधी दोन प्रश्न विचारा, जेवलीस का आणि काल झोपलीस का, माझ्या बाबतीत बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. आणि हुरहूर, तिच्यावर काही करायचंच नसतं, ती येते आणि जाते, कातरवेळी जास्त.

मागच्या मार्चएंडचं सांगते. आठ दिवस मी घरी सांगत होते की क्लोजिंगचं टेन्शन आहे. डबा उघडताना शब्द शोधला तर धाकधूक नव्हतीच, ताळेबंद जुळणार हे मला माहीत होतं, होती ती रुखरुख, कारण आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी फक्त एक दिवस जाऊन आले होते. लगेच फोन केला. आई म्हणाली, "अगं मला वाटलं तू कामात असशील म्हणून मीच केला नाही." क्लोजिंग तेवढंच होतं, दिवस मात्र हलका गेला.

येतानाची लोकल: काळजीला टाईम द्या

काळजी करू नको असं सांगून आजवर कुणाची काळजी थांबलेली नाही. त्यापेक्षा तिला वेळ द्या. दिवसभरात जी काळजी डोकं वर काढेल ती फोनच्या नोट्समध्ये एका ओळीत टाकायची, "फी", "गुडघा", "सोसायटीचं लीकेज", आणि मनाला सांगायचं संध्याकाळी बघू. संध्याकाळी बसायला जागा मिळो न मिळो, घाटकोपर ते ठाणं ती यादी उघडायची आणि मनसोक्त काळजी करायची. अर्ध्याअधिक गोष्टी तोपर्यंत शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांचे दोन भाग, ज्यात मी काही करू शकते त्याच्यापुढे पुढचं पाऊल, ज्यात नाही त्याच्यापुढे फुली. ठाणं आलं की नोट्स बंद. पहिला आठवडा हे नाटकी वाटतं, दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी मन खरंच ऐकतं की संध्याकाळी आपला नंबर आहे. ही युक्ती काउन्सेलर लोक सर्रास शिकवतात, एकच पथ्य, झोपायच्या आधीची वेळ यासाठी निवडायची नाही.

स्टेशनवरून मी घरी चालत जाते, वीस मिनिटं, रिक्षा फक्त पिशव्या जड असतील किंवा मुसळधार असेल तरच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, माझे सहा दिवसांचे 120 असेच निघतात आणि उरलेले जेवणानंतरच्या शतपावलीत. जिमबद्दल मला काही म्हणायचं नाही, ज्यांना परवडतं आणि जमतं त्यांनी जावं.

मूड येईपर्यंत थांबू नका

मन खाली असतं तेव्हा आपण आवडीच्या गोष्टी पहिल्यांदा सोडतो. रांगोळी बंद, पेटी कपाटावर, मैत्रिणीला नंतर भेटू. आणि मग म्हणतो मूड आला की करू. मूड येत नाही कारण तो त्या गोष्टीतून येतो. नैराश्यावरच्या उपचारात हीच पद्धत वापरतात, पीटर लुइनसन यांनी 1970 च्या दशकात ती मांडली, आधी कृती करायची, बरं वाटणं मागून येतं. माझ्या बाबतीत ती कृती म्हणजे गॅलरीतल्या कढीपत्त्याची कुंडी. तेव्हा एवढंच ठरलं होतं की रोज एक वाटी पाणी घालायचं आणि पिवळी पानं काढायची. दोन मिनिटांचं काम, काही दिवस तेही डोंगराएवढं वाटलं. एवढं छोटं निवडा की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल.

माणसांचंही तसंच. फॉरवर्ड पाठवणं म्हणजे बोलणं नाही. दिवसातून एक तरी फोन किंवा समोरासमोरचं बोलणं, ज्यात "कशी आहेस"ला "बरी आहे" सोडून दुसरं काहीतरी उत्तर दिलं जाईल. आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यात मी पहिल्या नंबरवर होते, त्यांनी "बघून सांगते" हे दोन शब्द पाठ करा. तिथल्या तिथे हो म्हणायचं नाही, बास. तेवढ्या वेळात आपल्याला हे करायचंय का ते समजतं.

रात्र: कडी घातली की फोन स्वयंपाकघरात

दाराला कडी घातली की फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात. गजर कसा होणार म्हणाल, तर मी साधं टेबलावरचं घड्याळ आणलं, टिकटिक करतं, नवऱ्याला पहिले दोन दिवस त्रास झाला, आता तोच चावी देतो. ग्रुप सगळे म्यूट, शाळेच्या जुन्या वर्गाचा तर आधी. खरंच तातडीचं असेल तर माणूस फोन करतो, वाजलेला ऐकू येतो.

मग पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी, कागदावर. अमेरिकेत मायकल स्कलिन यांनी 2018 मध्ये 57 तरुणांवर हा प्रयोग केला, झोपण्याआधी पाच मिनिटं एका गटाने उद्याची कामं लिहिली, दुसऱ्याने झालेली कामं. उद्याची लिहिणाऱ्यांना सरासरी 9 मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्यांनी जास्त बारकाईने लिहिलं त्यांना आणखी लवकर. त्यामुळे नुसतं "बँक" नाही लिहायचं, "बँकेत जाऊन नॉमिनीचा फॉर्म, आधारची झेरॉक्स घेणे" असं लिहायचं.

डायरीबद्दल लोक खूप विचारतात. रोज "प्रिय डायरी" लिहायची गरज नाही. जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 च्या मूळ प्रयोगात लोकांनी मनातली दुखरी गोष्ट सलग फक्त 4 दिवस, रोज 15 मिनिटं लिहिली होती. एखादी गोष्ट आत अडकली असेल तर असं चार दिवस लिहा आणि हवं तर फाडून टाका. घटना अगदी ताजी असेल, नुकतंच कुणी गेलं असेल, तर मात्र लगेच नको, लिहून जास्त त्रास व्हायला लागला तर थांबा.

खाडा पडला तर

पडणारच. गणपतीत माझं सगळं वेळापत्रक पाण्यात जातं. 21 दिवसांत सवय लागते हे आपण ऐकत आलोय, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 लोकांवर केलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18 तर कुणाला 254 लागतील असा हिशोब होता. आणि एखादा दिवस चुकला तर त्याने काही बिघडलं नाही. म्हणून एका वेळी एकच सवय घ्या, मी आधी फक्त उठायची वेळ धरली, ती महिन्याने बसली, मग गॅलरीतला चहा, असं करत सगळं जमायला वर्ष गेलं.

सवयींनी भागत नाही तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलीय, सतत स्वतःलाच दोष, किंवा जगू नये असे विचार येतायत, तर चहा गॅलरीत पिऊन ते जाणार नाही. तिथे डॉक्टर लागतो, आणि मरणाचे विचार असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेलेच नव्हते. मी पण दीड वर्ष त्यातलीच होते, कारण काय तर लोक काय म्हणतील. गोळ्या सुरू असतील तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, मी केल्या होत्या, तीन आठवड्यांनी परत तिथेच.

मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपरच्या पैशात तपासणी होते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आमच्या लाईनवरच्या लोकांना जवळ पडते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर देणं बंधनकारक केलंय, ओपीडीचं काय ते मात्र पॉलिसीत नीट वाचा.

आणि कुठेच जायची हिंमत होत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, 14416, ऑक्टोबर 2022 पासून सुरू, चोवीस तास, फुकट. भाषा निवडायला सांगतात, मराठी आहे. आधी काउन्सेलर बोलतात, गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. फोन स्वतःसाठीच करायला हवा असंही नाही, घरातल्या कुणाची काळजी वाटत असेल, त्याच्याशी कसं बोलायचं कळत नसेल, तर ते विचारायलाही लावता येतो.